श्रद्धा, चिकित्सा आणि राजसत्ता : अब्बासी काळातील ‘मिहना’ प्रकरणाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

धर्मश्रद्धा जितकी दृढ, तितकी ती टीकेला कमी वाव देते, असा समज आधुनिक काळात बऱ्याच प्रमाणात रूढ झाला आहे. इस्लामविषयीच्या चर्चेत तर तो बहुधा गृहीतच धरला जातो. मराठीत या प्रश्नाची चर्चा मुख्यतः हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांच्या लेखनाच्या आणि १९७० मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाच्या संदर्भात झाली. ती चर्चा स्वाभाविकपणे समाजसुधारणा व व्यक्तिगत कायदा यांभोवती राहिली. मात्र इस्लामी धर्मविचारात श्रद्धा आणि चिकित्सा यांचा संबंध कसा घडत गेला, हे समजून घेण्यासाठी बरेच मागे, नवव्या शतकातील बगदादपर्यंत जावे लागते.

इ.स. ८३३ मध्ये अब्बासी खलिफा मामून याने राज्यातील काझी, धर्मपंडित व साक्षीदार यांची मते तपासण्याचा हुकूम काढला. इस्लामच्या इतिहासात ही चौकशी ‘मिहना’, म्हणजे कसोटी किंवा परीक्षा, या नावाने ओळखली जाते. मामून आणि त्याच्यानंतरचे दोन खलिफा यांच्या कारकिर्दीत ती चालली आणि मुतवक्किल याच्या काळात संपुष्टात आली. या प्रकरणात सक्ती करणारा पक्ष बुद्धिवादी म्हणून ओळखला जाणारा होता, तर सक्तीला नकार देणारा पक्ष परंपरानिष्ठ होता. म्हणूनच श्रद्धा आणि टीका यांच्या संबंधाविषयीची अनेक सोपी गृहीतके येथे अपुरी पडतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मिहनापूर्व इस्लामी ज्ञानपरंपरेत मतभेद व चिकित्सा यांना असलेल्या स्थानाचा आढावा घेणे.
२) मिहना प्रकरणातील वैचारिक व राजकीय घटकांची उकल करणे.
३) मिहनाच्या अखेरीनंतर चिकित्सेच्या अवकाशावर झालेले परिणाम तपासणे.

गृहीतक

टीकेचा अवकाश हा श्रद्धेच्या तीव्रतेने नव्हे, तर मत आणि दंडशक्ती यांच्या परस्परसंबंधाने निश्चित होतो.

संशोधन पद्धती व साधने

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मिहनाविषयीचे सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणजे तबरी (८३९-९२३) यांचा इतिहासग्रंथ होय. मामूनने बगदादच्या अधिकाऱ्यास पाठविलेली पत्रे त्यात जतन झाली आहेत. अहमद बिन हंबल यांचे पुत्र सालिह व चुलतभाऊ हंबल बिन इसहाक यांचे वृत्तांत आप्तांनी लिहिलेले आहेत. त्यामुळे त्यांत निकटच्या माहितीबरोबर आदरभावही आहे. याउलट मुतझिली लेखक जाहिझ यांचे लेखन प्रतिपक्षाचे आहे. आधुनिक काळात वॉल्टर पॅटन यांच्या १८९७ मधील ग्रंथापासून या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला.

पार्श्वभूमी : मतभेदाची परंपरा

मिहनापूर्वीच्या दोन शतकांत इस्लामी धर्मशास्त्राची घडण होत होती. ही घडण कोणत्याही एका पीठाच्या आज्ञेने झाली नाही. मदिना, कूफा, बसरा, दमास्कस अशा नगरांत शिक्षक व विद्यार्थी यांची स्वतंत्र मंडळे होती आणि त्यांच्यात तीव्र मतभेद होते. अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी अनेक मुद्द्यांवर आपल्या गुरूंपेक्षा वेगळे मत दिले आणि ती सर्व मते हनफी परंपरेने एकत्र जपली. शाफिई (मृत्यू ८२०) यांनी इजिप्तमध्ये गेल्यावर आपलीच अनेक पूर्वमते बदलली. त्यांच्या अनुयायांनी ‘जुने मत’ व ‘नवे मत’ अशी दोन्ही नोंदविली. मालिक बिन अनस (मृत्यू ७९५) यांचा ‘मुवत्ता’ हा ग्रंथ सर्व राज्यात सक्तीने लागू करावा, ही अब्बासी खलिफाची सूचना खुद्द मालिक यांनीच नाकारली, असे परंपरा सांगते. प्रांतोप्रांतीच्या लोकांकडे पैगंबरांच्या साथीदारांकडून वेगवेगळे ज्ञान पोहोचले आहे, असे त्यांचे कारण होते. ही आख्यायिका असली, तरी ती आदराने जपली गेली, यावरून त्या परंपरेची दृष्टी लक्षात येते.

हदीसशास्त्रातही चिकित्सा अनिवार्य होती. पैगंबरांच्या नावे सांगितले जाणारे वचन कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी अखंड आहे काय, त्यातील प्रत्येक निवेदक सत्यवचनी व स्मरणशक्तीने भरवशाचा आहे काय, याची छाननी होत असे. निवेदकांचे दोष उघडपणे नोंदविणारी चरित्रकोशांची स्वतंत्र शाखा निर्माण झाली. वचनांची ही कठोर तपासणी करणारे लोक स्वतः अत्यंत श्रद्धावान होते, आणि पैगंबरांविषयीच्या आदरातूनच त्यांच्या नावावर खपविलेले वचन ओळखण्याची निकड त्यांना वाटत होती.

याच काळात बसरा येथे मुतझिला हा विचारसंप्रदाय उदयास आला. वासिल बिन अता (मृत्यू ७४८) हे त्याचे प्रवर्तक मानले जातात. ईश्वराचे एकत्व आणि ईश्वराचा न्याय ही या संप्रदायाची दोन प्रमुख तत्त्वे होती. धर्मतत्त्वांचे ज्ञान बुद्धीने होऊ शकते, अशी त्यांची भूमिका होती. तथापि त्यांना आधुनिक अर्थाने उदारमतवादी समजणे चुकीचे ठरेल. आपण सिद्ध केलेले तत्त्व हेच खरे एकेश्वरत्व, असा त्यांचाही ठाम विश्वास होता.

वादाचा विषय

मिहनाच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न असा होता : कुरआन ही ईश्वराची वाणी अनादि आहे की ईश्वराने निर्माण केलेली आहे? प्रथमदर्शनी हा प्रश्न सूक्ष्म वाटतो, परंतु दोन्ही पक्षांच्या दृष्टीने त्यात धर्माचा गाभा गुंतलेला होता. मुतझिलांच्या मते कुरआन अनादि मानले, तर ईश्वराच्या बरोबरीने दुसरी अनादि वस्तू मानावी लागते आणि एकेश्वरत्वास बाध येतो. मामूनने आपल्या पत्रात या मताची तुलना, येशू हा ईश्वराचा शब्द असल्याने अनिर्मित आहे असे मानणाऱ्या ख्रिस्ती मताशी केली. उलट परंपरानिष्ठांचे म्हणणे असे की, कुरआन हा ईश्वराच्या ज्ञानाचा भाग आहे आणि ईश्वराचे ज्ञान निर्माण झालेले असू शकत नाही. शिवाय जो शब्दप्रयोग ना कुरआनात आहे ना पैगंबरांच्या वचनांत, तो श्रद्धेची अट कसा होऊ शकतो, हाही त्यांचा प्रश्न होता.

मामूनची पत्रे आणि बगदादमधील चौकशी

मामून (कारकीर्द ८१३-८३३) हा विद्याव्यासंगी राज्यकर्ता होता. ग्रीक ग्रंथांच्या अरबी भाषांतरांना त्याने आश्रय दिला आणि दरबारात वादसभा भरविल्या. मात्र भाऊ अमीन याच्याशी झालेल्या यादवी युद्धानंतर त्याला सत्ता मिळाली होती. त्या अराजकाच्या काळात बगदादच्या वस्त्यांतील लोकांनी धर्माच्या नावाने स्वतःच सुव्यवस्था राखण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यात हदीसपंडितांचा प्रभाव दिसून आला होता. धर्माचा अर्थ सांगण्याचा अधिकार खलिफाचा की पंडितांचा, हा प्रश्न त्यामुळे राजकीय बनला. मामूनने ८२७ मध्ये कुरआन निर्मित असल्याचे मत जाहीर केले, परंतु सक्ती केली नाही. सहा वर्षांनी, बायझंटाइन सीमेवरील मोहिमेत असताना त्याने बगदादचा अधिकारी इसहाक बिन इब्राहीम यास पत्रे पाठवून चौकशीचा आदेश दिला. ईश्वरी धर्माचे रक्षण हे खलिफाचे कर्तव्य असून सामान्य जन व त्यांचे पंडित अज्ञानात आहेत, असा या पत्रांचा सूर आहे.

तबरी यांनी दिलेला चौकशीचा वृत्तांत बोलका आहे. बिश्र बिन वलीद या पंडितास कुरआनविषयी विचारले असता त्यांनी ते ईश्वराचे वचन असल्याचे सांगितले. ते निर्मित आहे काय, या प्रश्नावर ईश्वर हा सर्व वस्तूंचा निर्माता आहे, असे उत्तर त्यांनी दिले. कुरआन ही वस्तू आहे काय, असे विचारताच त्यांनी होकार दिला. मग ते निर्मित आहे ना, या प्रश्नावर ते निर्माता नाही, एवढेच ते म्हणाले. आपण हे विचारलेले नाही, असे अधिकाऱ्याने त्यांना बजावले. एरवी वादसभेत मोकळेपणाने बोलणारे विद्वान अधिकाऱ्यासमोर शब्दांच्या आडोशाला कसे उभे राहतात, याचे हे चित्र आहे. त्या प्रश्नोत्तरांना चर्चेचे रूप होते, पण उत्तर आधीच ठरलेले होते.

ही उत्तरे वाचून मामूनने दुसरे पत्र पाठविले. त्यात एकेका पंडिताच्या खासगी वर्तनाचे दोष काढले होते, काहींना मृत्युदंडाची धमकी होती आणि इतरांना बेड्या घालून आपल्याकडे पाठविण्याचा हुकूम होता. यानंतर चौघे वगळता सर्वांनी कबुली दिली. त्या चौघांपैकी दोघे बेड्या पडताच नमले. उरले ते अहमद बिन हंबल आणि मुहम्मद बिन नूह. जिवाच्या भीतीने तोंडी कबुली देणाऱ्यास दोष नाही, असा आधार कबुली देणाऱ्यांनी कुरआनातच शोधला. मामूनने तोही अमान्य केला. केवळ शाब्दिक अनुपालन त्यास पुरेसे वाटत नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

अहमद बिन हंबल यांची कसोटी

या दोघांना बेड्या घालून तारसूसकडे नेले जात असतानाच ऑगस्ट ८३३ मध्ये मामूनचा मृत्यू झाला. परतीच्या प्रवासात मुहम्मद बिन नूह मरण पावले. अहमद बिन हंबल (७८०-८५५) यांना बगदादच्या तुरुंगात ठेवण्यात आले. नवा खलिफा मुअतसिम (कारकीर्द ८३३-८४२) हा मूलतः सेनानी होता. धर्मतत्त्वांच्या वादात त्याला फारसा रस नव्हता. परंतु भावाचा हुकूम आणि मुख्य काझी अहमद बिन अबी दुआद यांचा आग्रह यांमुळे चौकशी पुढे चालू राहिली. सुमारे दोन वर्षांहून अधिक काळच्या तुरुंगवासानंतर इब्न हंबल यांना खलिफासमोर उभे करण्यात आले आणि तीन दिवस वाद चालला. कुरआन किंवा पैगंबरांच्या आचारवचनातून आधार दाखवावा, मग आपण तो मान्य करू, हीच भूमिका त्यांनी प्रत्येक प्रश्नावर घेतली. शेवटी त्यांना चाबकाचे फटके मारण्यात आले व नंतर घरी सोडण्यात आले.

पुढे काय घडले याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. आप्तांच्या वृत्तांतानुसार ते अखेरपर्यंत अढळ राहिले. याकूबी व जाहिझ यांच्या लेखनात मात्र त्यांनी शेवटी कबुली दिल्याचे म्हटले आहे. उपलब्ध साधनांवरून निर्णायक मत देणे कठीण असले, तरी त्यांना सोडून देण्यामागे बगदादच्या जनतेच्या प्रक्षोभाची धास्ती असावी, ही शक्यता नाकारता येत नाही.

इब्न हंबल यांच्या भूमिकेचा विपर्यास टाळणे आवश्यक आहे. त्यांनी मतस्वातंत्र्याचा सिद्धांत मांडला नव्हता. आपल्या दृष्टीने चुकीची असलेली मते मांडणाऱ्यांशी संबंधच ठेवू नये, असे त्यांचे मत होते. प्रसिद्ध साधक हारिस मुहासिबी (मृत्यू ८५७) यांनी मुतझिलांचे खंडन करण्यासाठी त्यांचीच तर्कपद्धती वापरली, म्हणून इब्न हंबल यांनी त्यांच्यावरही बहिष्कार घातला. मुहासिबी यांच्या अंत्यविधीस चारच माणसे उपस्थित होती, अशी नोंद आढळते. तथापि वासिकच्या काळात बगदादचे काही पंडित खलिफाविरुद्ध उठावाचा विचार घेऊन आले, तेव्हा इब्न हंबल यांनी त्यास साफ नकार दिला. राज्यकर्त्याने आपल्या मनातील श्रद्धेला हात घालू नये आणि आपणही तलवारीने त्याला उत्तर देऊ नये, एवढीच त्यांच्या आचरणाची मर्यादा होती.

वासिकचा काळ व मिहनाची अखेर

वासिक (कारकीर्द ८४२-८४७) याच्या काळात मिहना अधिक कठोर झाली. शाफिई यांचे शिष्य बुवैती यांचा बगदादच्या तुरुंगात मृत्यू झाला. ८४५ मध्ये बायझंटाइनांशी युद्धकैद्यांची अदलाबदल झाली, तेव्हा सुटून येणाऱ्या मुस्लिम कैद्यांनाही कुरआनविषयीचा प्रश्न विचारण्यात आला आणि कबुली न देणाऱ्यांना परत शत्रूच्या ताब्यात ठेवण्यात आले. ८४६ मध्ये अहमद बिन नस्र खुझाई यांनी उठावाचा कट केल्याचे उघडकीस आले. खलिफाने त्यांच्याशी कटाविषयी नव्हे, तर कुरआनविषयी वाद घातला आणि स्वतःच्या तलवारीने त्यांचा वध केला. त्यांचे मस्तक बगदादमध्ये टांगण्यात आले. राजद्रोह आणि धर्मद्रोह यांतील सीमारेषा पुसली गेल्याचे हे ठळक उदाहरण होय.

मुतवक्किल (कारकीर्द ८४७-८६१) याने धोरण फिरविले. कुरआनविषयीचा वादच बंद करण्याचा हुकूम निघाला, कैदी सुटले आणि ८५१ पर्यंत इब्न अबी दुआद यांचे घराणे पदच्युत झाले. परंतु हा बदल सहिष्णुतेच्या दिशेने होता, असे म्हणता येत नाही. याच खलिफाने ८५० च्या सुमारास करबला येथील हुसेन यांची समाधी पाडली आणि ज्यू व ख्रिस्ती प्रजाजनांवर वेगळा पोशाख घालण्याची सक्ती केली. तत्त्वज्ञ किंदी यांचा ग्रंथसंग्रह त्याच्या काळात काही दिवस जप्त झाला होता. सक्तीचे साधन शाबूत राहिले. केवळ ते वापरणारा पक्ष बदलला.

मिहनानंतरचा काळ : सक्तीची दिशा बदलते

मिहनाचा एक परिणाम दूरगामी ठरला. धर्मसिद्धांत ठरविण्याचा खलिफाचा दावा निष्फळ झाला आणि तो अधिकार पंडितवर्गाकडे गेला. राजसत्तेपासून काहीशी स्वतंत्र अशी विद्वत्परंपरा त्यामुळे टिकली, ही जमेची बाजू होय. दुसरी बाजू अशी की, छळ सोसलेल्या पक्षाला जनमताचे बळ मिळाले आणि त्या बळाचा उपयोग विरोधकांवर होऊ लागला. हदीससंग्राहक बुखारी (८१०-८७०) यांच्यावर निशापूरमध्ये आक्षेप घेतला गेला. कुरआन अनादि असले, तरी माणसाने केलेला त्याचा उच्चार निर्मित आहे, असे ते मानतात, असा तो आक्षेप होता. हदीसचिकित्सेचा आदर्श ठरलेल्या विद्वानास त्यामुळे ते शहर सोडावे लागले. मिहनाचा वृत्तांत जपणारे तबरी हेही हंबली जमावाच्या रोषाला बळी पडले. इब्न हंबल यांना त्यांनी विधिज्ञ न मानता हदीसपंडित मानले, हे त्यामागील एक कारण होते.

तरीही चिकित्सेची परंपरा लुप्त झाली नाही. चाळीस वर्षांच्या सुमारास मुतझिला संप्रदाय सोडलेल्या अश्अरी (मृत्यू सु. ९३५) यांनी परंपरेच्या मतांचे समर्थन तर्काच्या साधनांनी केले. ईश्वराच्या वाणीचा अर्थ अनादि आणि अक्षरे व ध्वनी निर्मित, असा त्यांच्या संप्रदायाने काढलेला मार्ग म्हणजे दोन्ही पक्षांच्या टीकेचे फलित होय. हंबली पंडित इब्न अकील (१०४०-१११९) यांनी मुतझिली विद्वानांकडे अध्ययन केले. १०७२ मध्ये स्वपंथीयांच्या दबावामुळे त्यांना बगदादमध्ये जाहीर माफीपत्र द्यावे लागले. मिहनापासून २३९ वर्षांनी, त्याच नगरात, पण उलट्या दिशेने, पुन्हा एका विद्वानाकडून मताची कबुली घेतली गेली. इब्न अकील यांनी मात्र नंतरही वादचर्चांची विस्तृत नोंदवही लिहिणे सोडले नाही.

आधुनिक पडसाद : अबू झैद यांचा खटला

हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस कैरो विद्यापीठात पुन्हा उभा राहिला. अरबी विभागातील अध्यापक नस्र हामिद अबू झैद (१९४३-२०१०) यांनी मुतझिलांच्या रूपकविचारावर संशोधन केले होते. मानवी भाषेत आणि विशिष्ट इतिहासकाळात अवतरलेले वचन भाषाशास्त्राच्या साधनांनी अभ्यासले पाहिजे, असे ते मांडत. कुरआन निर्मित असल्याच्या जुन्या मताचा त्यांनी त्यासाठी आधार घेतला. १९९२ मध्ये त्यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. त्यांच्या लेखनावरील तीनपैकी दोन अहवाल अनुकूल होते. तिसऱ्या अहवालात त्यांच्या श्रद्धेवरच शंका घेण्यात आली आणि पदोन्नती नाकारली गेली. पदोन्नती समितीच्या कागदातील हा अभिप्राय पुढे मशिदीतील प्रवचनांत व न्यायालयात पोहोचला. खालच्या न्यायालयाने १९९४ मध्ये दावा फेटाळला. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना पदोन्नती दिली. त्यानंतर दोन आठवड्यांत, १४ जून १९९५ रोजी अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचा विवाह रद्दबातल केला. आपण मुस्लिम आहोत, असे ते सतत सांगत राहिले. पत्नीसह देश सोडून त्यांनी नेदरलँडमधील लायडन येथे अध्यापन केले. १९९६ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल कायम केला. त्याच वर्षी असे दावे खासगी व्यक्तींना थेट दाखल करता येऊ नयेत, अशी कायद्यात सुधारणाही झाली.

मामूनच्या काळी कुरआन निर्मित नाही म्हणणाऱ्यास शिक्षा झाली. १९९५ मध्ये त्याच मताचा आधार घेणाऱ्यास शिक्षा झाली. विद्वानाच्या ग्रंथाचे परीक्षण त्याच्या अंतःकरणाच्या परीक्षणात रूपांतरित होणे, हे दोन्ही घटनांतील साम्य आहे. अध्यापन व संशोधन क्षेत्रातील व्यक्तींसाठी ते विशेष चिंतनीय आहे, कारण दुसऱ्या घटनेचा आरंभ एका सहकाऱ्याने लिहिलेल्या अहवालातून झाला होता.

निष्कर्ष

१) मिहनापूर्व इस्लामी ज्ञानपरंपरेत मतभेद व चिकित्सा या धर्मविरोधी गोष्टी मानल्या जात नव्हत्या. हदीसशास्त्र व विधिशास्त्र यांची वाढच त्यांच्या आधारे झाली.
२) बुद्धिप्रामाण्य मानणारा पक्ष सत्तेशी जोडला गेला, तेव्हा तोही सक्तीचा पुरस्कर्ता बनला. बुद्धिवादी भूमिका ही आपोआप सहिष्णुतेची हमी ठरत नाही.
३) अहमद बिन हंबल यांचा प्रतिकार दृढ श्रद्धेतून आला आणि त्याने राजसत्तेच्या अधिकाराला मर्यादा घातली. मात्र त्या प्रतिकारातून प्रतिपक्षासाठी समान अवकाशाचे तत्त्व निर्माण झाले नाही.
४) मिहना रद्द झाली तरी मतचौकशीची पद्धत नष्ट झाली नाही. ती दरबाराकडून जमावाकडे व पुढे न्यायालयाकडे गेली.
५) त्यामुळे प्रस्तुत अभ्यासाचे गृहीतक बहुतांशी सिद्ध होते. तथापि बुखारी व तबरी यांच्या उदाहरणांवरून ‘दंडशक्ती’ या संज्ञेत केवळ राजसत्ताच नव्हे, तर संघटित जनमताचाही समावेश करावा लागतो.

बिश्र बिन वलीद यांच्यासारख्या विद्वानाला शब्दांचा आडोसा का घ्यावा लागला, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या श्रद्धेत सापडत नाही. ते प्रश्न विचारणाऱ्याच्या हातातील बेड्यांत सापडते. कोणत्याही धर्मपरंपरेतील चिकित्सेचा इतिहास लिहिताना मतांइतकेच लक्ष या बेड्यांकडे देणे आवश्यक आहे.